दोन्ही पाकिटं एकाच थैलीत

मंगळवार, ४ मार्च

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं. चार पानांत साडेतीन पानं यंत्र आणि अर्ध्या पानात तू, म्हणजे तुझं बरं चाललंय असं मी धरून चालते. आणि दर दोन ओळींनी 'आत्या, सोपं करून सांगतो' असं लिहीत जाऊ नकोस, मला कळतं. तुझ्या हॉस्पिटलची एक इमारत नदीच्या अलीकडे, एक पलीकडे. पूल पाडला, त्याच्याबरोबर पुलाखालची केबल गेली, आणि नवा पूल व्हायला दोन वर्षं लागणार. तोवर तू या गच्चीवरून त्या गच्चीवर डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडणार आणि त्यातून एक्स-रेचे फोटो, फोन, कागदपत्रं आणि अतिदक्षता विभागातल्या यंत्रांचे आकडे असे चार निरोप चार रंगांत एकदम पाठवणार. अरे, आमच्या तारघरातही एका तारेवरून एका वेळी चार निरोप जायचे, दोन जाणारे, दोन येणारे. याचा शब्द त्याच्यात मिसळला की मोठे तारमास्तर सगळ्यांदेखत हजेरी घ्यायचे. तुम्ही तारेच्या जागी उजेड घेतलात, इतकंच.

आता माझं ऐक. गेल्या आठवड्यात तुला गुडघ्याचं रडगाणं लिहून पाठवलं होतं, आणि घराला रंग द्यायचाय तर मार्चात येऊन जा असंही. ते पत्र आणि तुझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. ते सगळं विसर.

माझ्या जबड्याखाली उजव्या बाजूला गाठ आली आहे. वाटाण्याएवढी होती, महिन्याभरात गोटीएवढी झाली. डॉक्टर म्हणाले, काढू आणि तपासायला पाठवू. वाईटच असेल असं नाही, नसेलच असंही नाही. असली वाक्यं यांना कोण शिकवतं कोण जाणे. तुझ्या आजीचं असंच गळ्यापासून सुरू झालं होतं, ते मी जवळून पाहिलंय. मी भ्यायले आहे रे. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई भ्यायले म्हणते म्हणून हसू नकोस. खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना सोबत चला म्हटलं तर ते येतील, पण माझ्या आधी तेच रडायला लागतील.

फोन करून उपयोग नाही, माझे कान तुला माहीत आहेत. महत्त्वाचं पत्र म्हणून नेहमीसारख्या दोन प्रती काढल्या आहेत, शब्दाला शब्द, ओळीला ओळ. शाई वाळली की दोन्ही पाकिटं नाक्यावरच्या पेटीत टाकते. एक हरवलं तरी दुसरं मिळेल.

एकोणीस तारखेला, बुधवारी, सकाळी आठला मला आत घेणार आहेत.

जमलं तर ये. नाही जमलं तरी ये.

किल्ली कुंडीखाली असेल. बेल वाजवू नकोस, मला ऐकू येत नाही.

तुझी,
आत्या

बुधवार, १२ मार्च

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र मिळालं. लगेच लिहायला हवं होतं, पण इथे नाकी नऊ आलेत. तुझ्या दुखण्याचं वाचलं. या वयात थोडंफार व्हायचंच. डॉक्टर सांगतील तसं कर आणि उगाच बाऊ करू नकोस. मार्चात येणं मात्र काही केल्या जमणार नाही. मे महिन्यात आठ दिवस काढून येतो, तेव्हा तू म्हणशील ते करू.

इथली कथा अशी. उजेड सोडला, चारही रंग पलीकडे पोचले, मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सगळं तुटलं. अकराला आपोआप जुळलं. रोज तसंच. तिसऱ्या दिवशी खाली वाकून पाहिलं, तर आमच्या गच्चीखालीच धुलाईघर. नऊला चादरी उकळायला घेतात आणि धुराड्यातून वाफ वर येते, ती बरोबर उजेडाच्या वाटेत नाचते. उजेड सोडणारी पेटी हलवायला जागा नाही, एका अंगाला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या अंगाला लिफ्टची खोली. धुलाईघरातल्या बाईंना म्हटलं, चादरी दुपारी उकळता येतील का? त्या म्हणाल्या, "सकाळी चादरी नाही पोचल्या तर ऑपरेशनं थांबतात. तुमचा उजेड थांबवा की दोन तास." मी जिना चढून वर आलो.

मग उजेड वाढवून पाहिला. वाफेला त्याचं काही नाही. मग उजेडाच्या उघडझापीचा प्रत्येक ठोका लगोलग तीनदा पाठवला, म्हणजे एक गेला तरी दोन उरतील. तरी तुटतं. मग एक प्रत निळ्यात, एक तांबड्यात असं केलं (खरे रंग नव्हेत, आम्ही आपली नावं ठेवलीत). तरी तुटतंच. वाफ आली की चारही रंग एकदम गिळते.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, पाच एप्रिलच्या आत सलग सात दिवस न तुटता चाललं पाहिजे, नाहीतर पेट्या उतरवा. मग पुन्हा फोटो घेऊन शिपाई होडीने जाणार, चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत पलीकडे टेबलावर माणूस असतं.

तुझ्या तारघरात असं काही व्हायचं का, ते लिही. आणि रागावू नकोस.

तुझा,
खटपट्या

शुक्रवार, २१ मार्च

चि. इंजिनिअर साहेबांस आशीर्वाद.

आपलं बारा तारखेचं पत्र सतराला मिळालं. बाऊ करू नकोस असं सांगितलंत, केला नाही. बुधवारी गाठ काढली. पाच टाके आहेत. घड्याळजी सोबत आले होते. ते रडले नाहीत, बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं ते उतरवून दुरुस्त करत बसले. गाठ तपासायला गेली आहे. एक तारखेला कळेल.

तारघरात काय व्हायचं म्हणून विचारलंत. वादळात तार बिघडली की आम्ही ओरडत नव्हतो, थांबत होतो. एवढंच आठवतं.

तुला वाढवलं त्याचं मी कधी काही मागितलं नाही. तू सहा वर्षांचा असल्यापासून आजवर एकदाच काही मागितलं, तेही दोनदा लिहून. 'मे महिन्यात येतो' हे उत्तर वाचून मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बराच वेळ बसून होते, हे तुला कळावं म्हणून लिहिते. पुन्हा लिहिणार नाही.

टाके दुखत नाहीत.

आत्या

बुधवार, २६ मार्च

ती. आत्यास सा. न.

काल फोनवर तू बोललीस आणि मी ऐकलं. मी जे ओरडलो त्यातलं तुला काहीच ऐकू गेलं नाही, असं घड्याळजी म्हणाले. म्हणून ते सगळं इथे लिहितो.

तुझं एकवीस तारखेचं पत्र काल सकाळी धुलाईघराच्या दारात उभ्याने वाचलं. पाच टाके वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. कसले टाके? कसली गाठ? तू काय मागितलंस, कधी? मला तुझं शेवटचं पत्र आलं ते सव्वीस फेब्रुवारीचं, गुडघ्याचं आणि रंगाचं. मी 'बाऊ करू नकोस' म्हणालो ते गुडघ्याला गं. जमणार नाही म्हणालो ते रंगाला. मीच ते वाक्य पुन्हा वाचलं, तू वाचलं असशील तसं, आणि माझी मलाच लाज वाटली. गुडघ्यालाही तसं लिहायला नको होतं.

घड्याळजींच्या दुकानात फोन लावला, त्यांनी तुला खाली बोलावून आणलं. "मी बोलते, तू ऐक, तुझं मला ऐकू येणार नाही," म्हणालीस. मी गाडीच्या तिकिटाचं ओरडत होतो आणि तू सांगत होतीस, "आत्ता आलास तर दार उघडणार नाही. गाठ निघाली, आता ती बाटलीत आहे, तुला बघून ती बदलणार नाही. तुझं यंत्र अर्धवट टाकून आलास तर मी कोणाला तोंड दाखवू? एक तारखेपर्यंत दोघंही आपापली कामं करू." आणि फोन घड्याळजींच्या हातात दिलास. आत्या, मी थांबलो ते फक्त तू सांगितलंस म्हणून. मन तिकडेच आहे.

तिथून तडक पोस्टात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने वही पाहिली. पाच मार्चची तुमच्या गावाची थैली आलेलीच नाही. टपालाची गाडी अवकाळी पावसाच्या पुरात अडकली, थैल्या पाण्यात गेल्या, काही सापडल्या, काही शोधताहेत. मी म्हटलं, अहो, पण माझ्या आत्याने दोन पाकिटं टाकली होती. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "दोन टाका नाहीतर वीस टाका. एका दिवशी एका पेटीत टाकलीत ना? मग थैली एकच."

पोस्टाच्या तिसऱ्या पायरीवर मी थांबलो, मागची बाई माझ्यावर आदळली. माझे तीन ठोके लगोलग जात होते. एकाच थैलीत! वाफ एक झुळूक घेते तेवढ्यात तिन्ही प्रती एकदम गडप. रंग बदलून काय होणार, चारही रंग एकाच गाडीत बसलेले. प्रती वाढवून उपयोग नव्हता, त्यांना एकमेकांपासून लांब ठेवायला हवं होतं. आम्हाला हे कॉलेजात शिकवलंय गं, परीक्षेत मी त्यावर बारा मार्क मिळवलेत. पण वाफ एवढा वेळ टिकते हे मी मोजलंच नव्हतं. उजेड वाढवत बसलो.

तर आता असं केलंय. हजार शब्द आधी जमवायचे. मग पहिल्या शब्दाचा पहिला ठोका, दुसऱ्याचा पहिला, तिसऱ्याचा पहिला, असे सगळ्यांचे पहिले ठोके पाठवायचे. मग सगळ्यांचे दुसरे, मग तिसरे. मध्येच वाफेने लचका तोडला तर एक अख्खा शब्द जात नाही, हजार शब्दांचा एकेक ठोका जातो. आणि प्रत्येक शब्दाच्या शेपटाला दोनचार जादा ठोके असे लावलेत, की एखादा गेला तर उरलेल्यांवरून तो कोणता होता हे काढता येतं. शाळेत गाळलेल्या जागा भरायचो तसंच. एकच अडचण, सगळे तुकडे येईपर्यंत पलीकडच्याला थोडं थांबावं लागतं. डोळ्याची पापणी लवते तेवढंच, डॉक्टरांना कळतही नाही. मला मात्र एक तारखेपर्यंतचं थांबणं चांगलंच कळतंय.

आज सकाळी नऊला चादरी उकळल्या. मी पेटीजवळ उभा होतो. वाफ आली, नाचली, अकराला गेली. एकदाही तुटलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी तुझ्या टाक्यांचाच विचार करत होतो.

तुझा,
खटपट्या

मंगळवार, १ एप्रिल

चि. खटपट्यास अनेक अनेक आशीर्वाद.

घड्याळजींनी फोनवर सांगितलंच असेल, तरी माझ्या अक्षरात सांगते. गाठ साधी निघाली. चरबीची. डॉक्टर म्हणाले, "आजी, घरी जा आणि विसरून जा." आज तारीख एक एप्रिल, म्हणून मी तो कागद घड्याळजींना तीनदा वाचायला लावला, आणि मग डॉक्टरांनाही एकदा. जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन बाकावर बसले. घड्याळजी शेजारी बसून मोठ्याने रडले. मी त्यांना रुमाल दिला आणि मग मलाही तोच लागला.

तुझं सव्वीसचं पत्र कालच आलं. ते वाचून अर्धा जीव कालच भांड्यात पडला होता. नसती गाठ मनात घेऊन दोन आठवडे बसले होते, तीही निघाली. इंजिनिअर साहेब म्हटलं त्याबद्दल माफ कर. तू तेव्हा खरंच रागावण्यासारखा वाटला होतास.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुझ्यापेक्षा मोठी आहे. तारघरात पक्का नियम होता. महत्त्वाच्या निरोपाची खातरजमेची प्रत टपालाने जायची, ती दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या वाटेने. मोठे तारमास्तर कानीकपाळी ओरडायचे, "जोडीने निघालेले जोडीने बुडतात." तेहेतीस वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नाही. घरच्या पत्रांनासुद्धा एक प्रत आज, दुसरी परवा, तीही स्टेशनवरच्या पेटीत. यावेळी दोन्ही एकदम टाकली. विसरले म्हणून नव्हे. दुसरी प्रत दोन दिवस घरात राहिली असती तर मी ती फाडली असती, आणि पहिलीच्या मागे 'सहज लिहिलं होतं, येऊ नकोस' असं तिसरं पत्र धाडलं असतं. मला मागायची सवय नाही. म्हणून चप्पल घालून, पदर खोचून, दोन्ही एका दमात पेटीत कोंबली आणि परत येताना आपण फार शूर आहोत असं वाटलं. झालं काय ते तू पाहिलंसच.

हे पत्र मात्र रीतसर जाईल. एक प्रत आज नाक्यावरून. दुसरी गुरुवारी घड्याळजी शहरात सुटे भाग आणायला जातील तेव्हा तिथून. दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिते.

आणि ती बुडालेली पाकिटं सापडलीच तर उघडू नकोस. एका घाबरलेल्या बाईने लिहिलंय ते. ती बाई आता बरी आहे.

तुझे सात दिवस उद्या भरतात ना? तुझ्या त्या पिसलेल्या ठोक्यांचं काय झालं ते कळव.

तुझी,
आत्या

मंगळवार, ८ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

तुझी पहिली प्रत पाच तारखेला आली, दुसरी आज. दोन्ही वाचल्या, दोन्हीत गाठ साधीच आहे. घड्याळजींचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो. ते हुंदके देत बोलत होते त्यामुळे मला आधी उलटंच वाटलं, मग 'चरबी, चरबी' एवढं कळलं आणि मी पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसलो. धुलाईघरातल्या बाई कपड्यांची गाडी ढकलत आल्या होत्या. त्यांनी काही न विचारता एक उबदार चादर माझ्या अंगावर टाकली. वाफेबद्दल माझी आता काहीही तक्रार नाही.

सात दिवस दोन तारखेला भरले. एकदाही तुटलं नाही. तिसऱ्या दिवशी तर सकाळी साडेनऊला, भर वाफेत, पलीकडे टेबलावर एक माणूस होता आणि अलीकडून त्याच्या छातीचा फोटो गेला. तो अख्खा पोचला. मोठे डॉक्टर गच्चीवर आले, पेटीकडे पाहिलं, वाफेकडे पाहिलं आणि म्हणाले, "पूल होईपर्यंत हे हलवू नका." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

आता एक कबुली. काल पोस्टातला तो कारकून स्वतः पाकिटं घेऊन हॉस्पिटलात आला. थैली सापडली. तुझी दोन्ही पाकिटं एकमेकांना चिकटलेली, चिखलाचा वास, शाई पसरलेली. तू उघडू नकोस म्हणालीस. मी उघडली. उकळत्या हंड्याच्या वाफेवर धरून सोडवावी लागली, धुलाईघरातल्या बाईंनीच सोडवून दिली.

एकीत वरचं अर्धं गेलंय, दुसरीत मधला भाग. एकमेकांशेजारी ठेवली तर जवळजवळ सगळं लागतं. 'मी भ्यायले आहे रे' हे दोन्हींत शाबूत आहे. ते वाचून मी हसलो नाही, आत्या.

फक्त शेवटाकडची एक ओळ दोन्हींतून गेली आहे. तू शब्दाला शब्द, ओळीला ओळ लिहितेस, आणि दोन्ही पानं नेमकी त्याच घडीवर ओली झाली. तिथे नुसता निळा डाग आहे. त्याच्या वर आहे: 'एकोणीस तारखेला, बुधवारी, सकाळी आठला मला आत घेणार आहेत.' त्याच्या खाली आहे: 'किल्ली कुंडीखाली असेल.'

वरची ओळ आहे, खालची आहे. मधली मी भरून घेतली. उशीर झालाय हे मला माहीत आहे. मे महिन्याची वाट बघत नाही. पेटी आता माझ्याशिवाय चालते. शनिवारी, बारा तारखेला, दुपारच्या गाडीने निघतो, संध्याकाळी पोचेन.

बेल वाजवणार नाही.

तुझा,
खटपट्या